साळ्याची किडनी

माझी बायको माझ्या घरी नांदली, माझ्या लेकरांची आई झाली, माझ्या हातच्या पाटावर बसून आयुष्यभर जेवली. पण तिच्या पोटात जी किडनी चालते ती तिच्या भावाची. ही गोष्ट मला तेव्हाही आवडली नव्हती आणि आजही आवडत नाही. लोक म्हणतात, जीव वाचला ना तिचा, मग कायले कुरकुर करता? त्यांनी आपल्या घरात साळा कायमचा मुक्कामाला ठेवावा, मग बोलावं.

मी चौथी शिकलेला सुतार. महागावच्या बाजाराला पायी जाता येईल अशा गावात माझं दुकान. तिफण, वखर, डवरे अशी शेतीची अवजारं, चौकटी, पाळणे, सगळं केलं. माझा सांधा हलला अशी तक्रार घेऊन कोणी माघारी आलेलं मला आठवत नाही, आणि आलं असेल तर त्यानं लाकूड ओलं आणलं असेल. त्या वर्षांत मात्र कापसानं सगळ्यांना बसवलं होतं. अळीनं खाल्लं ते खाल्लं, उरलं त्याला भाव नाही. नवी तिफण कोणी सांगेना. जुनीलाच पाचर मारून द्या, म्हणायचे. सकाळी एखाद्याच्या अंगणात माणसं जमलेली दिसली की मी लांबूनच वाट बदलायचो, जवळ जाऊन काय झालं विचारायची हिंमत व्हायची नाही. अशा दिवसांत बायकोचे पाय सुजले.

महागावच्या डॉक्टरनं यवतमाळला पाठवलं, यवतमाळनं नागपूरला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात घालायचे. ती त्या मशीनकडे पाहत पडून राहायची आणि मी तिच्याकडे. एक दिवस डॉक्टर म्हणाले, किडनी बदलावी लागेल, घरातलं कोणी देणार का? मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"घरातलं म्हंजे मीच. काढा."

"अहो, आधी तपासण्या असतात."

"करा तपासन्या. लाकूड ठोकूनच घ्यावं लागते."

आमचा दोघांचा रक्तगट एकच निघाला. तेव्हा मी वॉर्डातल्या सगळ्यांना सांगितलं, फाटकावरच्या चहावाल्यालाही सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला हे माहीत नव्हतं, याचं मला फार नवल वाटलं. वाटलं, बामणानं पत्रिका पाहिली त्यापेक्षा हे मोठं. मनातल्या मनात मी ती किडनी तिच्या पोटात बसवूनही टाकली होती.

मग पुढची तपासणी आली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"तुमच्या पेशी आणि यांचं रक्त आम्ही एकत्र केलं. यांच्या रक्तानं तुमच्या पेशी मारून टाकल्या."

मी बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरच्या कागदाकडे पाहत होती.

"मारून टाकल्या म्हंजे?"

"बाळंतपणात असं होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "पोटातल्या लेकरात अर्धं बापाचं असतं. आईच्या रक्ताला ते अर्धं परकं वाटतं. ते त्याची ओळख धरून ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध शिपाई उभे करतं. लेकराला त्याचा त्रास झाला नाही. पण आता तुमची किडनी घातली तर ते शिपाई तिला लगेच संपवतील."

"आमाले तीन लेकरं हायेत," मी म्हटलं.

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

तीन बाळंतपणं झाली, तिन्ही वेळा मी दाराबाहेर बसून देवाला हात जोडले, आणि आत तिचं रक्त माझ्याविरुद्ध फौज जमवत होतं. बाहेर आल्यावर बायको भिंतीला टेकली आणि हसायला लागली. दम लागत होता तरी हसत होती.

"सासूबाई सगळ्याइले सांगत जाय, सून मनात काही ठेवत नाही म्हनून. रक्तात ठेवून राह्यली होती म्हना!"

मला हसू आलं नाही.

तिचा भाऊ तिच्यापेक्षा मोठा. राहायला झरी जामणीकडे, रानाला लागून. बांबूची, लाकडाची कामं करायचा. आई लवकर गेली म्हणून बहिणीला त्यानंच वाढवलं होतं, आणि हे तो कोणाला विसरू द्यायचा नाही. आमच्या लग्नात पंगत उठल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जवाईबापू, आमच्या बाईच्या डोळ्यात पानी आलं तर मले तिकडे समजते." तेव्हापासून त्याचं माझं बसलं नाही. तिला ताप आला की हा मधाची बाटली घेऊन हजर. मी वैद्य आणायचो, ती बरी मधानं व्हायची. रानातलं झाडझुडूप त्याला ओळखू येतं एवढं मी मानतो. बाकी काही मानत नाही.

त्याची तपासणी झाली. तिच्या रक्तात त्याच्याविरुद्ध एकही शिपाई नव्हता. डॉक्टरांनी जुळते म्हटल्याबरोबर त्यानं मांडीवर थाप मारली.

"बाई, यंदाची ओवाळनी आगाऊच देऊन टाकतो."

हे वाक्य दवाखानाभर झालं. नर्सबाया त्याला पाहायला यायच्या. पुढे ते गावात आलं, महागावच्या बाजारात गेलं, फुलसावंगीच्या एका पाव्हण्यानं तर मलाच ते नवं म्हणून ऐकवलं. ऑपरेशनच्या दिवशी एका दारातून माझी बायको आत गेली आणि दुसऱ्या दारातून साळा. अख्खी जिंदगी मी लोकांना दारं करून दिली, त्या दिवशी मला आत जायला एक नव्हतं. बाहेर बाकावर बसलो. बाकाचा एक पाय डुगडुगत होता. तेवढा मी कागदाची घडी घालून बसवला.

किडनी चालली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, पायाची सूज उतरली, आणि मी देवळात नारळ फोडला. म्हणजे मला आनंद नव्हता असं कोणी समजू नये. आनंद होताच. पण नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, पुढून खाली, उजव्या अंगाला, कातड्याच्या जवळच बसवतात. वरून हात ठेवला तर फुगवटा लागतो. बायको निजायची ती त्याच्यावर पंजा ठेवून. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ती तांब्या उचलायची आणि म्हणायची, "भाऊले तहान लागली." गाडीत धक्का बसला की म्हणायची, "हळू चालवा हो, भाऊ हालते." माझ्या खाटेवर, माझ्या बायकोच्या पोटात, माझा साळा पाणी पिऊन राह्यला होता, आणि मी गोळ्या मोजून देत होतो.

गोळ्या मात्र मीच द्यायचो. तिच्या अंगातले शिपाई झोपलेले राहावेत म्हणून त्या गोळ्या होत्या. जागे झाले तर भावाच्या किडनीलाही सोडायचे नाहीत. मी एकही चुकू दिली नाही. लेकीला हात लावू दिला नाही, सुनेला नाही.

भाऊबीजेला तो आला. बायकोनं पाट मांडला, तोही मी केलेला. ताट घेऊन तिनं त्याला ओवाळलं, डोक्यावरून नेहमीसारखं. मग थांबली. म्हणाली, "भाऊ, सदरा वर घे." त्यानं वर घेतला. कमरेच्या बाजूला लांब व्रण होता. तिनं निरांजन खाली आणलं आणि त्या व्रणाला ओवाळलं. घरातल्या साऱ्या बाया रडायला लागल्या. माझी लेक रडली. शेजारचा म्हातारा, ज्यानं स्वतःचा बाप गेला तेव्हाही डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, तोही उपरण्यात तोंड घालून बसला. मी उठलो, दुकानात गेलो आणि एका फळीला रंधा मारत बसलो. फळी गुळगुळीत होती तरी मारत बसलो.

पुढच्या उन्हाळ्यानंतर पाय पुन्हा सुजले. मी बोट दाबून पाहिलं, खड्डा तसाच राहिला. त्याच दिवशी नागपूर गाठलं. मागून तिचा भाऊही आला. सुई घालून त्या किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढला, काचेखाली पाहिला. अंग किडनी नाकारतंय, असं निघालं.

"गोळ्या चुकल्या का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"माह्या हातून गोळी चुकत नाई."

"एखाद दिवशी?"

"साहेब, मी सांगून राह्यलो ना."

मला फार लागलं ते. वॉर्डात आलो, तोंड धुवावं म्हणून तिच्या पिशवीत टॉवेल शोधायला लागलो. तळाशी फडक्यात गुंडाळलेली बाटली लागली. बूच काढलं तर कडू वास.

"हे काय होय?"

बायकोनं डोळे मिटले. "ठेवून द्या ते."

"काय होय, इचारून राह्यलो."

"गुळवेलीचा काढा. भाऊनं लिंबावर चढलेली गुळवेल आनली होती रानातून. लिंबावरची लय गुनाची असते. ताकदीले म्हनून. उनाळ्यापासून पेऊन राह्यली मी."

आमच्याकडे ताप, अशक्तपणा, काही झालं की गुळवेल. आजीनं दिली, आईनं दिली. अंगाची ताकद वाढवते, अंगातले शिपाई जागे करते, म्हणून तर देतात. आणि मी इकडे त्याच शिपायांना झोपवायच्या गोळ्या चारत होतो. मला एका क्षणात सगळं उमगलं. भीती तर होतीच. पण भीतीच्या खाली दुसरं काही होतं. तेही लिहितो, लपवायला मी काही चोरी केली नाही. खाली गोड वाटत होतं. इतक्या दिवसांनी तो चुकला होता.

तिनं माझा हात धरला. "डॉक्टरले सांगू नका. म्या सोडलं आता, पुन्हा पेनार नाई. भाऊले समजलं ना, त्याच्या हातानं असं झालं म्हनून, तर तो जिवाचं बरंवाईट करीन."

त्या वर्षांत आमच्याकडे माणसं खरंच जीव देत होती, म्हणून हे शब्द कोणी उगीच बोलत नव्हतं. ज्यानं ऐकलं त्यानं खरंच धरायचं. इकडे तिची किडनी, तिकडे तिचा भाऊ. आणि डॉक्टर अंधारात उपचार करणार.

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. सोबत तिचा भाऊ होता, टोपी हातात घेऊन. मी बाटली पुढे केली.

"साहेब, हे पाहा. गुळवेलीचा काढा. यायच्या भावानं आनून देल्ला."

डॉक्टरांना बाजूला नेऊन हळू सांगता आलं असतं. मी मोठ्यानं सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही मान वळवली. आजही विचाराल तर सांगतो, बरं केलं. गोळ्या मी चुकवल्या असा ठपका माझ्या डोक्यावर होता.

डॉक्टरांनी बाटली हुंगली. "यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण असलं काही द्यायचंच नसतं. बरं झालं सांगितलं. आता इंजेक्शनं सुरू करतो, पाहू." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

साळ्यानं टोपी घडी करून खिशात घातली, पुन्हा काढली, डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. बायकोनं भिंतीकडे तोंड केलं. मी स्टुलावर बसलो. सलाईनची नळी टपटपत होती. सलाईन अर्धं झाल्यावर ती भिंतीलाच म्हणाली, "जा. पाहा त्याले."

"येईन तो. लहान हाय का?"

"एकटा सोडू नका म्हनते ना! जा!"

इतक्या वर्षांत ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. मी उठलो.

खाली फाटकाशी गेलो, चहावाल्याला विचारलं. नाही म्हणाला. उतरलो होतो त्या धर्मशाळेत पाहिलं, त्याची वळकटी होती, तो नव्हता. मग मनात नको ते यायला लागलं. गावाकडे पाहिलेली अंगणं आठवायला लागली. दवाखान्याचा जिना चढत गच्चीपर्यंत गेलो. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. ते कुलूप पाहून इतकं बरं वाटलं की मी त्याला हात लावून पाहिला. साळ्याचा मला राग होता, राग आहे. पण तो असा गेला असता तर मग मी जन्मभर कोणावर जळायचं होतं?

उतरताना मधल्या मजल्यावर एका खोलीतून त्याचा आवाज आला.

"भरा अजून. काहून थांबता? पाहिजे तेवढं घ्या."

आत गेलो. हा खुर्चीवर बसलेला, बाही वर, आणि पांढऱ्या कोटातली एक पोरगी त्याच्या दंडातून रक्त काढत होती. ती पोरगी मी आधी वॉर्डात पाहिली होती. पुसदकडची, किराणावाल्याची लेक. इलाज करणारी डॉक्टर ती नव्हती. किडनी बदलल्यावर जे बिघाड होतात ते पेशीच्या आत कशानं होतात, त्याचा शोध करायची. सकाळीच तिनं बायकोचं रक्त मागितलं होतं, आणि किडनी देणाऱ्याचंही भेटलं तर बरं, असं म्हणाली होती. हा गडी वॉर्डातून निघाला तो सरळ इथे.

म्हणजे मी गच्चीपर्यंत याचं मढं शोधून राह्यलो, आणि हा इथेही माझ्या आधी!

"इथं काय करून राह्यले?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "माह्या हातानं बिघडलं. माह्या रक्तातून काही निघालं तर पाहून घेऊ द्या म्हटलं यायले."

त्याचे डोळे लाल होते. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि बाही वर केली.

"माहंबी घ्या."

"काका, तुम्ही कोण त्यांचे?" पोरीनं विचारलं.

"नवरा."

"बरं." तिनं थोडा विचार केला. "घेते. तुलनेसाठी एक माणूस लागतोच. नात्यातला नसलेला, निरोगी."

"नात्यातला नसलेला?"

"रक्ताच्या नात्यातला हो, काका. म्हणजे परका."

आणि तेव्हा माझा साळा हसला. डोळे पुसत होता आणि हसत होता. "घ्या बाई, घ्या. परका पाहिजे तर यायच्यासारखा दुसरा भेटनार नाई."

"तुमी गप बसा," मी म्हटलं. "गुळवेलवाले."

त्याचं हसू गेलं. मग मलाच बोलावं लागलं. मी पोरीला सांगितलं, बाई, परका म्हणून घ्यायचं तर घे, पण पूर्ण हकीकत ऐकून घे. माझा रक्तगट जुळला होता. तिच्या रक्तातल्या शिपायांनी माझ्या पेशी मारल्या. तीन लेकरांमुळे.

पोरीच्या हातातली सुई थांबली. "तुमच्यासोबतची तपासणी बिघडली होती? त्यांच्या रक्तात तुमच्याविरुद्ध शिपाई आहेत?"

"फौज हाय."

ती खुर्ची ओढून समोर बसली. तिच्या कामाला असाच माणूस पाहिजे होता म्हणे. मला तिनं समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एक निशाणी असते, घरावर पाटी असते तशी. दुसऱ्याच्या अंगात गेलं की शिपाई ती पाटी वाचतात आणि परका म्हणून मारतात. ती पाटी कशी करायची याचा हुकूम पेशीच्या आतल्या जीनमधून निघतो.

"जीन म्हंजे ते बोंडअळीच्या बियान्यात घालतात ते?" साळ्यानं विचारलं. "ते घालून काय दिवे लागले आमी पाहून राह्यलो."

"तिथं बाहेरचं घालतात. आम्ही काही घालत नाही. असलेल्या जीनला गप्प करतो. हुकूम तिथून निघतो, पण वाटेतच त्याला फाडून टाकायचं. मग पाटी तयारच होत नाही. पेशी जिवंत राहते, काम करते, फक्त आपण कोणाचे ते सांगत नाही."

"मंग माही किडनी चालन तिले?" मी विचारलं.

"काका, हे सगळं काचेच्या बशीत चाललंय. किडनी लांबची गोष्ट आहे. तुमच्या हयातीत होईल असं मी म्हणणार नाही."

"माह्या हयातीचं तू नको पाहू. रक्त काढ."

तिनं काढलं. साळ्याच्या दोन नळ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, माझ्या तीन भर. तिनं भरल्या, मला वाटतं माझं मन राखायला.

आम्ही दोघं बरोबर वॉर्डात गेलो. बायकोनं आधी त्याला पाहिलं. हात पुढे केला, तो तिच्या उशाशी बसला आणि लहान लेकरासारखा रडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "तुनं देल्ली, तुनं थोडीच खराब केली, माह्या नशिबानं केली." चूक त्याची, उघड केली मी, आणि प्रेम पुन्हा त्याच्याच वाट्याला! माझ्याशी ती चार शब्द बोलली ते डबा आणायचे.

इंजेक्शनांनी काम केलं. किडनी पहिल्यासारखी उभी राहिली नाही, पण बसलीही नाही. डॉक्टर म्हणाले, सांभाळली तर चालेल. साळ्यानं मग गुळवेलच काय, मधही आणणं बंद केलं. आला की ओसरीवरून विचारायचा, "बाई, मी पेरू आनले, डॉक्टरले इचारू का?" खरं तर मला त्याची दया यायला पाहिजे होती.

पुढे तपासणीला नागपूरला गेलो की मी त्या मधल्या मजल्यावर जायचो. "झालं का?" पोरगी म्हणायची, "काका, अजून नाही." पुन्हा रक्त द्यायचो. मग एका खेपेला आम्ही तिघं गेलो होतो, बायकोची तपासणी चांगली निघाली होती, आणि पोरीनं स्वतः खाली येऊन आम्हाला वर नेलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता.

"काका, या बशीत तुमच्या पेशी आहेत, जशाच्या तशा. वर काकूंच्या रक्तातलं पाणी घातलंय. मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत पीत नाही. पाहा."

मी डोळा लावला. सगळं निळं. माझं मढंच पाहिल्यासारखं झालं.

तिनं बशी बदलली. "यातही तुमच्याच आहेत. पण यांची पाटी आम्ही बुजवली. पाणी तेच, काकूंचं."

आधी बायकोला पाहू दिलं. तिनं पदर सावरला आणि वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

"हे तुमी?" ती म्हणाली. "साबुदान्यासारखे दिसता."

मग मी डोळा लावला. काही निळे होते, होय. पण बाकीचे गोल, चमकते, पाण्यात नुसते पडून होते. त्यांच्या चहूबाजूंनी जे पाणी होतं ते तिच्या अंगातलं होतं, तीन लेकरांची आठवण धरून बसलेलं, आणि ते त्यांना काही करत नव्हतं.

"सगळे वाचत नाहीत," पोरगी सांगत होती. "आणि हे थोडे दिवसच टिकतं. मग पाटी पुन्हा येते. फार धरून बसू नका, काका."

मी ऐकत नव्हतो. बाजूला कोणीतरी खाकरलं.

"सरका ना जवाईबापू," साळा म्हणाला. "मलेबी पाहू द्या."

मी काचेवरचा डोळा काढला नाही.

"जवाईबापू, थोडंसं."

"तुमची आत हाय," मी म्हटलं. "तुमी तिकडे पाहा."

बायको हसली, पोरगीही हसली. तो माझ्या मागे उभाच राहिला, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी सरकलो नाही.